रिकाम्या डब्याचा दर

दिव्यांच्या दुकानातल्या मावशींना तोंडावर सगळे नुसतं 'मावशी' म्हणत. पाठ फिरली की 'अदमास मावशी'. त्यांना हे ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. फक्त आवडतं हे कोणाला कळू द्यायचं नाही, एवढं पथ्य त्या पाळत.

अंदाज बांधणं हा त्यांचा जन्मजात रोग. झाकण न काढता पातेल्यात दूध किती उरलंय ते सांगतील. समोरच्या बिऱ्हाडातले चढलेले आवाज ऐकून हे भांडण जेवणापर्यंत मिटणार की माहेरापर्यंत जाणार तेही सांगतील. तरुणपणी त्या पार्सल ऑफिसात खिडकीवर होत्या. पुडकं हातात घेतलं की काट्यावर ठेवण्याआधीच वजन तोंडातून बाहेर. चुकायच्याही. पण चुकल्या की काटा बिघडलाय म्हणायच्या, आणि इतक्या ठामपणे म्हणायच्या की साहेबाने खरोखरच काटा दुरुस्तीला पाठवला होता.

ते ऑफिस बंद पडलं आणि मावशी यजमानांच्या दुकानात येऊन बसू लागल्या. यजमान, म्हणजे दिवेवाले काका, तोंडाने कमी आणि भुवयांनी जास्त बोलणारे. पुढे काकांचे बल्ब, वायरी आणि बटणं. मागच्या कोपऱ्यात, पंख्याच्या पात्यांच्या खोक्यांना टेकून, मावशींचं टेबल आणि संगणक. छताला नाना तऱ्हेचे दिवे टांगलेले, त्यातले निम्मे गिऱ्हाइकाला दाखवायला पेटते. त्यामुळे टेबलापाशी बसलेल्या माणसाला एक सोडून चारचार सावल्या फुटायच्या, आणि नवं माणूस हमखास एकदा तरी मागे वळून बघायचं.

गल्लीत परमुलखात माणसं असलेली घरं पुष्कळ. तिकडच्या बँका आणि इकडच्या बँका यांचं सासू-सुनेचं नातं, एकमेकींचं तोंड बघत नाहीत. म्हणून लोक पैसे क्रिप्टोतून पाठवायला लागले. ज्याचं त्याचं वॉलेट ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये. मावशी त्याला डबा म्हणत. डब्याचे गुप्त शब्द ज्याचे त्याने सांभाळायचे, 'पाठवा'वर बोट ज्याचं त्याने ठेवायचं. मावशींचं काम एकच: नेटवर्क किती फी कापणार ते आधी सांगायचं. ही फी काही पाटीवर लिहिलेली नसते. गर्दी झाली की चढते, ओसरली की उतरते, आणि घाई करणारा माणूस तिच्या बरोब्बर तावडीत सापडतो. संगणकावर एक सोय होती. कोणाच्या डब्यात किती पाठवायचं ते भरायचं आणि नुसतं विचारायचं, समजा पाठवलं, तर किती लागेल? यंत्र पाठवल्याचं सोंग मनातल्या मनात वठवून बघतं आणि आकडा सांगतं. प्रत्यक्षात काहीच हलत नाही. मावशी याला 'दार वाजवून बघणं' म्हणत. वाजवायचं, आकडा ऐकायचा, मग गिऱ्हाइकाला म्हणायचं, "टाक आता." नाहीतर, "बस जरा. चढलेलं आहे, उतरू दे."

त्यांचे नियम दोन. पैसे कोणाला आणि कशाला हे विचारायचं नाही, हा पहिला. दुसरा, दुसऱ्याच्या डब्यात डोकवायचं नाही. खरं तर या प्रकारात सगळा मामला उघड्यावरच असतो. कोणत्याही डब्यात काय आलं आणि काय गेलं ते बसल्या जागी बघता येतं. पण मावशींचं म्हणणं, "शेजारणीच्या खिडकीचा पडदा उडाला म्हणून आपण मान लांब करायची का?" ज्यांनी मावशींची मान खिडकीत पाहिली होती त्यांना यावर हसू आवरत नसे. डब्यांच्या बाबतीत मात्र त्या नियमाला जागत.

कोपऱ्यावरच्या बेकरीचा भट्टीवाला हे त्यांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. पन्नाशीकडे झुकलेला, एकटा, भुवयांत कायम पीठ. त्याला जगात एकच माणूस होतं, ते म्हणजे त्याची ताई. सीमेपलीकडच्या एका शहरात, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ती भरतकाम करून राहायची. आईबापामागे तिनेच याला वाढवलं आणि मिसरूड फुटायच्या वयात तिनेच इकडे धाडलं. नंतर सीमेवर नियम आला, की जायचं तर खुशाल जा, पण गेलेल्याला परत प्रवेश नाही. भट्टीवाला दर वर्षी जातो म्हणायचा आणि ताई दर वर्षी नको म्हणायची. तिच्या कानांनी केव्हाच राम म्हटला होता, त्यामुळे फोनवर बोलणं नाही, सगळं लिहून.

महिन्याच्या सुरुवातीला तो यायचा, पैसे पाठवायचा आणि तिथेच स्टुलावर बसून राहायचा. थोड्या वेळाने मोबाइल वाजायचा: 'मिळाले. जेवत जा.'

"बघा," तो मावशींना दाखवायचा. "पावाच्या ढिगात बसणाऱ्या माणसाला सांगते जेवत जा."

"मग जेवत जा ना. पीठ अंगाला फासून पोट भरत नाही."

एकच गोष्ट चमत्कारिक होती. इतरांना जेवढी फी पडायची त्याच्या जवळजवळ दुप्पट या भट्टीवाल्याला पडायची. त्याच वेळी, त्याच नेटवर्कवर. कारण मावशींना ठाऊक नव्हतं, पण ठाऊक नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "तुझ्या ताईचा रस्ता चढाचा आहे," त्या म्हणायच्या. याचा अर्थ काय ते कोणीच विचारलं नाही, हे बरंच झालं.

आणि मग एका महिन्यात दार वाजवलं तर आकडा निम्मा.

त्या दिवशी योगायोगाने मावशींनी त्याला सकाळऐवजी जेवणानंतर बोलावलं होतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. मावशींनी फांदी आपल्या नावावर लावली. "वेळ साधावी लागते रे," त्या म्हणाल्या. "रस्त्याला उतार असतो, फक्त कधी असतो ते कळायला नाक लागतं." पुढच्या महिन्यात पुन्हा जेवणानंतर, पुन्हा निम्मा. त्याच्या पुढच्या महिन्यात तेच. भट्टीवाला इतका खूश, की दर खेपेला गोड पाव आणू लागला. गल्लीभर 'मावशींची दुपार' गाजली. दिवेवाले काकांनी तेवढी एक भुवई वर केली, पण गोड पाव त्यांनीही खाल्ला.

असे बरेच महिने लोटले. ताईचा निरोप वेळच्या वेळी यायचा. 'मिळाले. जेवत जा.'

भांडं फुटलं ते चष्मेवालीमुळे. ही पलीकडच्या चष्म्यांच्या दुकानातली, हसरी आणि घायकुती. तिचा धाकटा दीर नुकताच परमुलखात नोकरीला लागला होता, त्याला पहिल्यांदाच पैसे पाठवायचे होते. ती मुद्दाम मावशींची दुपार साधून आली. मावशींनी दार वाजवलं आणि आकडा आला दुप्पट.

"अगं बाई, हे काय?" चष्मेवाली म्हणाली. "एवढी फी? मावशी, तुमचं नाक आज चोंदलंय वाटतं."

मावशींनी तासभर बसवून ठेवलं. आकडा ढिम्म हलेना. शेवटी चष्मेवाली कंटाळली आणि पैसे टाकून मोकळी झाली. दारापर्यंत गेली आणि कपाळावर हात मारून परत आली. "सासूबाईंनी वेगळे दिले होते त्याच्यासाठी, ते राहिलेच की!"

मावशींनी त्याच डब्याचं दार पुन्हा वाजवलं. आकडा निम्मा.

काही मिनिटांपूर्वीचं दार, तोच रस्ता, तीच दुपार. चष्मेवाली खूश होऊन गेली, पण मावशी काही उठल्या नाहीत. त्यांच्या स्वतःच्या नावाचे दोन डबे होते, शिकताना उघडलेले. एका डब्यात चिमूटभर ठेवून त्यांनी दार वाजवलं: निम्मा. ती चिमूट काढून घेऊन वाजवलं: दुप्पट. परत ठेवली, निम्मा. मग त्यांना उमगलं. यात ना सकाळ होती ना दुपार, ना चढ ना उतार. ज्या डब्यात काहीच नाही तिथे पहिलं नाणं ठेवायला नेटवर्कला नवी जागा करावी लागते, म्हणून जास्त पैसे. डब्यात आधीचं काही पडलेलं असलं की निम्म्यात काम होतं. बस, एवढंच.

आपली दुपार फुसकी निघाली याचं दुःख करायला मावशींना सवड मिळालीच नाही. कारण पुढचा विचार आपल्या पायांनी चालत आला आणि समोरच्या स्टुलावर बसला. ताईला इतकी वर्षं दुप्पट पडायची, म्हणजे ताई दर महिन्याला डबा पुसून रिकामा करायची. खोलीचं भाडं, औषधं, पोट. आणि मग एका महिन्यापासून निम्मी पडायला लागली. म्हणजे त्याच्या आदल्या महिन्यापासून ताईने डब्याला हात लावलेला नाही.

मग 'मिळाले' म्हणतंय कोण?

बाहेर रणरणती दुपार होती. दुकानात एवढे दिवे पेटलेले. मावशींनी ताईचा पत्ता भरला आणि कोणी न सांगता, कोणासाठी नाही, पहिल्यांदाच ते दार वाजवलं. निम्मा. त्यांच्या चार सावल्या भिंतीवर गप्प बसल्या होत्या. त्यांनी हात मागे घेतला, तसे चारही हात मागे गेले.

"अहो," त्यांनी काकांना हाक मारली. सगळं ऐकून काका म्हणाले, "साठवत असेल."

"कशातून साठवेल? हवा खाऊन?"

"मग त्याला सांगून टाक."

"काय सांगू? की तुझ्या ताईच्या नावाने कोणीतरी बोलतंय?"

काकांच्या दोन्ही भुवया वर गेल्या आणि तिथेच राहिल्या.

मावशींनी नाही सांगितलं. सांगायचं म्हणजे आधी आपल्या दुपारचं पितळ उघडं करायचं, खाल्लेल्या गोड पावांचा जाब द्यायचा. शिवाय एकदा तोंडातून गेलं की ते खरं होऊन बसेल, अशी एक भीती. त्या फक्त रोज जेवण झालं की येऊन ते दार वाजवायच्या. रिकाम्या घरापुढे उभं राहून कडी वाजवावी आणि आतून कोणी तरी 'आहे, आहे' म्हणावं, तसा तो निम्मा आकडा यायचा. घर भरलेलं होतं हेच भयंकर होतं. पहिल्या तारखेला भट्टीवाला आला, पैसे पाठवले, स्टुलावर बसला. मोबाइल वाजला. मावशींनी गोड पावाचा घास न चावताच गिळला.

"मिळाले, जेवत जा," भट्टीवाल्याने हसत वाचलं. "तुम्हाला काय झालं मावशी? पाव कच्चा होता का?"

"काही नाही. घशात अडकला."

मग एका दुपारी तो अवेळीच आला. महिन्याचा मधला दिवस, अंगावर धुतलेला सदरा, भुवया स्वच्छ. पीठ नसलेला भट्टीवाला मावशींना क्षणभर ओळखूच आला नाही.

"मावशी, ताईने बोलावलं!" त्याने मोबाइल त्यांच्या नाकाशी धरला. मागच्या आठवड्यातला निरोप होता. दोनच शब्द. 'आता ये.'

"इतकी वर्षं नको नको म्हणत होती. मी म्हटलं आता थांबायचं नाही. भट्टी विकली, गाळा विकला, भांडी विकली. परवाची गाडी. सगळ्याचं क्रिप्टो करून डब्यात घेतलंय. सीमेवर अंगावर काही ठेवू देत नाहीत, मोबाइलसुद्धा काढून घेतात म्हणे. म्हणून सगळं आधीच ताईच्या डब्यात टाकतो, म्हणजे गेल्यावर चिंता नको. तुम्ही फक्त शेवटचा आकडा सांगा."

मावशींनी आकडा विचारला. विचारायची गरजच नव्हती.

"निम्मी ना?" तो म्हणाला. "तुमची दुपार म्हणजे दुपार! टाकू?"

त्याचं बोट 'पाठवा'वर पोचलं होतं. पंचवीस-तीस वर्षं पहाटे उठून भाजलेले पाव, सगळे एका बोटाखाली. मावशींनी ते बोट धरलं. अक्षरशः मुठीत धरलं.

"थांब," त्या म्हणाल्या. "दुपार माझी नव्हती रे. मी थापा मारल्या."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. चष्मेवालीचा दीर, आपले दोन डबे, रिकाम्याचा दर, भरल्याचा दर. बोट सोडलं नाही.

भट्टीवाला ऐकत होता. आधी हसला. मग त्याचा चेहरा हळूहळू विझला. "म्हणजे," तो म्हणाला, "तेव्हापासून तिने काही काढलंच नाही?"

"काही नाही."

"आणि तुम्ही गोड पाव खात बसलात."

मावशींनी त्याचं बोट सोडलं. काका पुढून उठून आले. "त्याला बघू दे तरी," ते म्हणाले. "ताईला लिही म्हणावं, चिमूटभर परत पाठव. ज्याच्याकडे डब्याचे शब्द आहेत त्यालाच ते जमेल."

भट्टीवाल्याने लिहिलं: 'ताई, माझ्या डब्यात अगदी थोडंसं परत पाठव. बघायचंय.'

तिघं मोबाइलकडे बघत बसली. पुढे एक गिऱ्हाईक बल्ब मागत होतं, ते थांबून थांबून निघून गेलं.

मोबाइल वाजला. 'पाठवलंय. मिळालं का?'

भट्टीवाल्याने सुटकेचा श्वास सोडला. मावशींनी त्याचा डबा बघितला. काही आलेलं नव्हतं. चहा झाला, तरी काही आलेलं नव्हतं. त्याने पुन्हा लिहिलं: 'नाही मिळालं ताई. तू बरी आहेस ना?'

लगेच उत्तर. 'थंडी आहे. अंगात घाल.'

बाहेर उन्हाने डांबर वितळत होतं. तिकडेही हाच मोसम. भट्टीवाल्याने मोबाइल टेबलावर ठेवला, जणू तो भाजत होता.

"हे मी कुठेतरी वाचलंय," तो पुटपुटला. आणि मग त्याने जुने निरोप वर वर सरकवायला सुरुवात केली. महिने सरले, वर्षं सरली. अगदी वर, दोघांनी मोबाइल घेतले त्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, ताईने त्याला स्वेटर विणून धाडला होता. 'पाठवलंय. मिळालं का?' त्याखाली, 'थंडी आहे. अंगात घाल.' आणि त्यांच्या थोडं वर, सीमा अजून उघडी होती तेव्हाचं, सुट्टीत भेटायला बोलावलेलं: 'आता ये.'

शब्द तेच. पूर्णविरामसुद्धा तेच. ताईचेच होते सगळे. फक्त ताईने आत्ता लिहिलेले नव्हते.

मावशींनी आणखी एक बघितलं: 'मिळाले. जेवत जा.' हा निरोपही फी निम्मी झाल्यापासून एका अक्षराचाही फरक न होता येत होता. त्याआधी ताई त्याला जोडून काही तरी चार शब्द वेगळे लिहायची. गुडघ्याचं, जिन्याचं, खालच्या मजल्यावरच्या म्हातारीचं.

"जाऊ नकोस," मावशी म्हणाल्या.

"आता तर गेलंच पाहिजे," भट्टीवाला म्हणाला. "ताई असेल तर ताईकडे. नसेल तर जे काही तिच्या नावाने बोलतंय त्याच्याकडे." तो उठला. पैसे त्याने पाठवले नाहीत. आपल्याच डब्यात ठेवले आणि डब्याचे शब्द पाढ्यासारखे घोकत घरी गेला. दारात थांबून म्हणाला, "तुम्ही ते दार वाजवत राहा मावशी. निदान कळेल तरी."

तो गेला. बेकरीच्या जागी कुलूप लागलं, आणि सकाळी गल्लीत जो भाजल्याचा वास यायचा तो बंद झाला. त्याच्या मोबाइलवर पाठवलेलं काही पोचेना. मावशी रोज जेवण झालं की दार वाजवत. निम्मा. निम्मा. निम्मा. काका म्हणायचे, "एवढ्या वेळा तर मी माझ्या बहिणीचंही दार नाही वाजवलं." मावशींना हसू येत नसे. कधी कधी त्यांना वाटे, आपण वाजवतो आहोत हे तिथे कोणाला ऐकू जात असेल का? आणि जात असेल तर ते काय समजत असेल? एकदा तर त्यांनी विचारून होताच स्क्रीनवर हात ठेवला, पलीकडून कोणी आकडा बदलू नये म्हणून.

आणि एका दुपारी आकडा दुप्पट आला.

मावशी खुर्चीतून उठल्या, बसल्या. परत वाजवलं. दुप्पट. डबा रिकामा होता. इतके महिने ज्याला कोणी शिवलं नाही ते सगळं, काल ते आज या वेळात, कोणी तरी उचललं होतं.

"अहो! उघडलं! कोणीतरी उघडलं!"

काका धावत आले. मावशींनी दुसरा नियम गुंडाळून ठेवला आणि डोकावल्या. सगळी रक्कम एका झटक्यात एकाच डब्यात गेली होती. त्या डब्याचा पत्ता त्यांना पाठ होता. त्यांनीच तो हाताला धरून उघडायला शिकवला होता. भट्टीवाल्याचा डबा.

काका म्हणाले, "म्हणजे पोचला." मावशी मात्र शेजारचा आकडा बघत होत्या. फी. ती केवढी भरली होती! सकाळच्या भर गर्दीत, कुठेही न थांबता, यंत्र म्हणेल तेवढी. अजिबात न विचारता. जो माणूस चार पैशांसाठी स्टुलावर तासन्‌तास बसायचा त्याने. ताई आहे की नाही हे मावशींना त्या आकड्यावरून कळलं. त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि मग रागाने त्याच्या नंबरावर लिहिलं: 'गर्दीच्या वेळी कशाला पाठवलंस मूर्खा? दुपारपर्यंत थांबायचं होतं.'

उत्तर आलं ते दुसऱ्या दिवशी, नव्या मोबाइलवरून पण त्याच्याच जुन्या खात्यातून, भलं लांब, चुकांनी भरलेलं. त्या चुका बघून मावशींचा जीव भांड्यात पडला. हा नक्की जिवंत माणूस होता.

त्याने लिहिलं होतं, ताई गेली. निम्मी फी सुरू झाली त्याच्या आदल्या महिन्यात. खालच्या मजल्यावरच्या म्हातारीने सगळं केलं. घरमालकाला खोली रिकामी हवी, म्हणून घाई. डब्याचे शब्द सापडले. ताईने उशीच्या अभ्र्याला आतून टाक्यांनी भरले होते. मोबाइल म्हातारीकडेच होता. तिला अक्षरओळख नाही. मोबाइल वाजला की ताई काही तरी उलट धाडायची एवढं तिने पाहिलं होतं. उलट काही गेलं नाही तर भाऊ सगळं टाकून धावत येईल आणि अडकेल, असं ताई शेवटी म्हणाली होती. म्हणून ती ताईच्या निरोपांपैकी शेवटचा बोटाने धरून परत धाडायची. मग एक दिवस बोट घसरलं आणि सगळे निरोप पार वरपर्यंत पळाले. तिला खाली आणता येईनात. तेव्हापासून समोर येईल तो.

'तिला "आता ये" म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं,' त्याने शेवटी लिहिलं होतं. 'मी दारात उभा राहिलो तर घाबरून रडायलाच लागली.'

मावशींनी ते काकांना वाचून दाखवलं. काका बराच वेळ एका बल्बची पितळी टोपी पुसत राहिले. "म्हणजे त्याला बोलावलं कोणी?" ते म्हणाले.

मावशींनी वर बघितलं. वरचे दिवे तसेच पेटलेले होते, आणि त्या दिवसापासून त्यांनी त्यातले बरेचसे दिवसा मालवून ठेवायला सांगितले.

आता मावशींचा पहिला नियमही बुडाला. गिऱ्हाईक येतं, पत्ता सांगतं. मावशी दार वाजवतात, आकडा येतो, पण त्या तो लगेच सांगत नाहीत. आधी विचारतात, "तिकडच्या माणसाचा आवाज शेवटचा कधी ऐकलास?" लोक चिडतात. काहींनी येणंच सोडलं. फी सांगायची सोडून ही बाई पोलिसी चौकशी करते, असं गल्लीत बोललं जातं, आणि गल्लीत बोललं जातं ते मावशींच्या कानावर यायला किती वेळ लागतो याचा अंदाज आपण न बांधलेलाच बरा.

परवा चष्मेवाली आली. दिराला पाठवायचे होते. मावशींनी दार वाजवलं. निम्मा. त्यांनी तिच्याकडे बघितलं.

"भावोजी फोनवर बोलतात ना तुझ्याशी?"

"अहो, त्यांना कुठला वेळ! मेसेज येतात की रोज. हसरे चेहरे, फुलं..." चष्मेवाली बोलता बोलता थांबली. हसू तोंडावर तसंच राहिलं, मागचं माणूस मात्र उठून गेल्यासारखं झालं. "आकडा काय म्हणालात?"

"मी अजून काहीच म्हणाले नाही."

चष्मेवालीने पर्स उचलली आणि ती बाहेर फुटपाथवर गेली. काचेतून मावशींना ती दिसत होती, मोबाइल कानाला, एक हात दुसऱ्या कानावर. रांगेतला माणूस खाकरला. मावशींनी त्याला बोटानेच थांबवलं. चष्मेवालीने मोबाइल कानावरून काढला, बघितला, पुन्हा लावला. रस्त्यावरून दोन सायकली गेल्या. तिचं तोंड मिटलेलं होतं, आणि मावशी श्वास धरून त्या मिटलेल्या ओठांकडे बघत होत्या.

मग ओठ हलले. पुन्हा हलले, भराभर, आणि चष्मेवाली फुटपाथवर उभ्या उभ्या कोणाला तरी सणसणीत शिव्या घालायला लागली.

"हं," मावशी रांगेतल्या माणसाला म्हणाल्या. "सांग, कोणाला पाठवायचे?"